चित्रापुढचा प्रेक्षक : मुंबईच्या कलादालनांतील आस्वादाचा इतिहास

चित्रकलेचा इतिहास बहुतेक वेळा चित्रकारांचाच इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी, कोणत्या साली, कोणत्या शैलीत काय रंगवले याची नोंद त्यात सापडते. परंतु ते चित्र पाहायला कोण आले, त्यांना त्याविषयी काय बोलण्याची मुभा होती आणि त्यांच्या बोलण्याला वजन कोणी दिले, या प्रश्नांची दखल क्वचितच घेतली जाते. वास्तविक कलादालनात जाऊन, अनोळखी माणसांच्या गर्दीत, ज्याचा धर्मकार्याशी किंवा घरगुती उपयोगाशी काही संबंध नाही अशा चित्रापुढे थांबणे आणि त्याविषयी स्वतःचे मत बनवणे ही महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात तशी अलीकडची रीत आहे. ती मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजू लागली आणि तिला आजचे रूप येण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. या काळात चित्राविषयी निवाडा देण्याचा अधिकार कथेकऱ्याकडून परीक्षकाकडे, परीक्षकाकडून समीक्षकाकडे आणि एका टप्प्यावर थेट न्यायालयाकडे गेला. सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला तो सर्वांत शेवटी आला.

कलादालने येण्यापूर्वी मराठी मुलखात चित्रे पाहिली जात नव्हती असे मुळीच नाही. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे, देवळांच्या सभामंडपांतील रंगकाम आणि पोथ्यांतील सचित्र पाने यांतून चित्र लोकांच्या नजरेसमोर होतेच. मात्र ते नेहमी कशाचा तरी भाग म्हणून येत असे. चित्र पाहण्याची सर्वांत सुसंघटित परंपरा सावंतवाडी संस्थानातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपली. तिला चित्रकथी म्हणतात. एका आख्यानातील प्रसंगांची चित्रे सुट्या कागदांवर काढलेली असतात, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि अशा पानांच्या संचाला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक पान प्रेक्षकांसमोर धरतो, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने त्यातील प्रसंग गाऊन व सांगून पुरा करतो आणि मग पान उलटतो. या रीतीत चित्राकडे किती वेळ पाहायचे हे कथेकरी ठरवतो, त्यातील राम कोणता आणि इंद्रजित कोणता हे तोच सांगतो, आणि प्रेक्षकांची दादही चित्राच्या रेषेपेक्षा कथेच्या रसाला मिळते. चित्र, शब्द आणि श्रोतृवृंद यांची येथे फारकत झालेली नसते, त्यामुळे एकट्याने चित्राचा अर्थ लावण्याचा प्रसंग कोणावर येत नाही.

ही फारकत घडवून आणणाऱ्या संस्था मुंबईत एकामागून एक उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जिजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 साली त्यांच्या नावाचे कलाविद्यालय सुरू झाले. तेथे ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाश, प्रमाण आणि यथार्थदर्शन, म्हणजे दूरची वस्तू लहान व जवळची मोठी दिसण्याच्या नियमानुसार चित्रात खोली दाखवण्याचे तंत्र, शिकवले जाऊ लागले. 1872 साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम लोकांसाठी खुले झाले, ज्याला 1975 पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. लोकांनी अशा वास्तूंना अजबखाना हे नाव दिले आणि त्या नावातच तेथील पाहण्याची तऱ्हा दिसते. काचेच्या कपाटातील मातीच्या बाहुल्या, हत्यारे आणि नमुने यांच्याकडे आलेला माणूस नवलाने पाहत असे. त्याचे मत विचारण्याची सोय तेथे नव्हती आणि त्याचीही तशी अपेक्षा नव्हती.

मत मागणारी, निदान काही जणांचे मत मागणारी संस्था 1888 साली स्थापन झाली. बॉम्बे आर्ट सोसायटी ही प्रारंभी मुख्यतः युरोपीय अधिकारी व हौशी चित्रकारांची मंडळी होती आणि तिची वार्षिक प्रदर्शने इंग्लंडमधील कलासंस्थांच्या धर्तीवर भरत. या पद्धतीत आधी निवड समिती आलेल्या कृतींतून प्रदर्शनयोग्य कृती निवडत असे, त्यानंतर परीक्षक पदके देत, आणि सर्वसामान्य प्रेक्षकाला प्रवेश मिळे तो हे सारे निर्णय झाल्यावर. चित्राजवळचा क्रमांक पाहायचा, कॅटलॉगमध्ये म्हणजे छापील यादीत त्याचे नाव व किंमत शोधायची आणि पदक मिळाले असल्यास ते का मिळाले असेल याचा तर्क करायचा, असा पाहण्याचा नवा क्रम यातून तयार झाला. 1895 साली म. वि. धुरंधर यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, तेव्हा कोल्हापूरहून आलेल्या एका विद्यार्थ्याचे कौशल्य युरोपीय परीक्षकांनी मान्य केले ही गोष्ट चित्राइतकीच महत्त्वाची ठरली. पदक हे चित्रकाराला मिळणारे पारितोषिक तर होतेच, शिवाय ते प्रेक्षकाला काय पाहावे हे सांगणारी खूणही होते.

परीक्षकांच्या निर्णयापलीकडे जाऊन एखाद्या कृतीवर सार्वजनिक चर्चा कशी घडते, याचे त्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे गणपतराव म्हात्रे यांचे ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प. कलाविद्यालयात विद्यार्थी असताना 1896 च्या सुमारास त्यांनी ते प्लास्टरमध्ये घडवले. नऊवारी नेसलेली एक तरुणी पूजेला निघाली आहे, एक पाय किंचित पुढे पडला आहे, मान अंमळ झुकली आहे, आणि अंगालगत बसलेल्या लुगड्याच्या चुण्यांतून शरीराचा तोल व चाल सूचित होते. वस्त्राच्या चुण्यांतून देह दाखवण्याची हातोटी ग्रीक प्रतिकृतींच्या अभ्यासातून आलेली होती, तर विषय, वेष आणि चेहऱ्यावरचा संकोच मराठी घरातला होता. या दोहोंतील कोणत्या बाजूला श्रेय द्यायचे यावरच पुढची सारी चर्चा झाली.

साम्राज्याच्या सेवेतील अधिकारी जॉर्ज बर्डवुड यांनी या शिल्पाची मुक्तकंठाने स्तुती केली, आणि ती स्तुती त्यांच्या एकूण भूमिकेच्या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. 1880 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय हस्तकलांवरील ग्रंथात त्यांनी भारतीय कारागिरीचा गौरव केला होता, पण शिल्प व चित्र या अर्थाने उच्च कला भारतात नाही असेही म्हटले होते. पुढे 1910 साली लंडनमधील एका सभेत जावातील ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना त्यांनी चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली आणि त्यावरून मोठे वादळ उठले. ज्याला बुद्धमूर्तीत कला दिसली नाही त्याला म्हात्रे यांच्या तरुणीत ती दिसली, याचे कारण त्याच्या नजरेला परिचित असलेले ग्रीक व्याकरण तिथे हजर होते. बर्डवुड यांचा प्रतिसाद खोटा नव्हता. परंतु शिल्पाविषयी मत बनवण्याआधीच त्याची कसोटी ठरलेली होती.

रवींद्रनाथ ठाकुर यांनी 1898 च्या सुमारास बंगालीत या शिल्पाविषयी लिहिले, तेही शिल्पाच्या छायाचित्रावरून. त्यांच्या लेखनाचा रोख वेगळा होता. भारतीय जीवनातील एका साध्या क्षणाला शिल्पाचे रूप मिळू शकते आणि ते देशातल्या तरुणाने घडवले, यात त्यांना नव्या राष्ट्रीय कलेची चाहूल लागली. मुंबईत घडलेली कृती छायाचित्राच्या रूपाने बंगालपर्यंत पोहोचावी आणि ती प्रत्यक्ष न पाहताही तिच्याविषयी गंभीर मत व्यक्त व्हावे, ही त्या काळातील नवी घटना होती. राजा रविवर्मा यांनीही म्हात्रे यांचे कौतुक केले. एकाच कृतीला साम्राज्याचा एक अधिकारी, एक कवी आणि एक चित्रकार अशा तिघांनी प्रतिसाद दिला आणि तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी पाहिल्या. मात्र या चर्चेत जे नव्हते तेही लक्षात घ्यायला हवे. ज्या मराठी स्त्रियांचे चालणे, नेसणे आणि पूजेला जाणे या शिल्पाने टिपले होते, त्यांतील कोणाचेही मत या चर्चेच्या प्रसिद्ध इतिहासात आढळत नाही.

सामान्य मराठी घरापर्यंत नवे चित्र पोहोचले ते प्रदर्शनातून नव्हे, तर छापखान्यातून. रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, जो नंतर लोणावळ्याजवळील मळवलीला हलवण्यात आला. तेथे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राचा भास देणारी रंगीत शिळाछापील चित्रे, निघू लागली. लक्ष्मी आणि सरस्वती यांची ही चित्रे देवघरात लागली, त्यांना हळदकुंकू वाहिले गेले, हार घातले गेले. कित्येक घरांत तर देवीच्या छापील शालूवर खरी जर आणि टिकल्या चिकटवून तो सजवण्यात आला. कलासमीक्षेच्या दृष्टीने ही चित्राची विटंबना ठरेल, परंतु आस्वादाच्या इतिहासात ती प्रेक्षकाने चित्राला दिलेली अत्यंत थेट दाद आहे. प्रदर्शनात चित्राला हात लावण्याची बंदी असते, घरात मात्र प्रेक्षक चित्र स्वतःच्या हाताने पुरे करत होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘मनोरंजन’सारख्या मासिकांनी आणि त्यांच्या दिवाळी अंकांनी चित्रांना वाचकांच्या घरी नेले आणि चित्रकाराचे नाव लक्षात ठेवण्याची सवय मध्यमवर्गाला लागली.

मंदिर आणि कलादालन यांतील अंतर कमी करण्याचा एक आगळा प्रयत्न सातारा भागातील औंध संस्थानात झाला. स्वतः चित्रकार असलेले तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारले आणि तेथे रविवर्मा, धुरंधर यांच्यापासून युरोपीय चित्रांच्या प्रतिकृतींपर्यंतचा संग्रह मांडला. देवीच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू त्याच फेरीत संग्रहालयही पाहून जाई. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मूल हे दगडी शिल्प याच संग्रहात आहे. लंडनमध्ये ज्या आधुनिक शिल्पावर त्या काळी कडवट वाद होत, त्याच्या समोरून औंधचे शेतकरी यात्रेच्या ओघात जात असत. मुंबईत प्रेक्षकवर्ग निर्माण करायला संस्था, समीक्षक आणि वृत्तपत्रे लागली, औंधमध्ये ते काम देवीच्या यात्रेने केले. मात्र संस्थाने विलीन झाल्यावर असे प्रयोग इतरत्र रुजले नाहीत आणि चित्र पाहण्याचे केंद्र पुन्हा मुंबईच्या फोर्ट भागातच राहिले.

मुंबईत 1930 आणि 1940 च्या दशकांत परीक्षकाचे वर्चस्व ओसरून समीक्षकाचे वाढले. नाझी राजवटीच्या काळात युरोप सोडून आलेले तीन रसिक या बदलाच्या केंद्रस्थानी होते. रूडी फॉन लायडन वृत्तपत्रातून कलासमीक्षा लिहीत, चित्रकार वॉल्टर लँगहॅमर तरुणांना आधुनिक युरोपीय चित्रांशी परिचित करून देत, आणि इमॅन्युएल श्लेसिंजर त्यांची चित्रे विकत घेत. चौकटी तयार करण्याच्या व्यवसायातून चित्रकारांच्या जवळ आलेले केकू गांधी यांनीही या तरुणांना आपल्या दुकानात जागा दिली. 1947 साली फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी आरा, हरि अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे हे चित्रकार व शिल्पकार होते. 1949 साली या गटाचे प्रदर्शन भरले आणि मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. याच वर्षी सूझा यांच्या नग्न आत्मचित्रावर पोलिसांनी आक्षेप घेतला आणि ते प्रदर्शनातून काढले गेले. चित्राला मिळालेला प्रतिसाद प्रशासकीय कारवाईचे रूप घेऊ शकतो, हे येथून दिसू लागले.

प्रदर्शनांना हक्काचे घर मिळाले ते 21 जानेवारी 1952 रोजी. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावाने, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या आवाराला लागून जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. तिचे वास्तुरचनाकार दुर्गा बाजपेयी होते आणि उद्घाटन मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांनी केले. खांबांच्या आधाराशिवाय पुढे आलेले काँक्रीटचे लाटदार छत, रस्त्यालगतचे दार आणि विनाशुल्क प्रवेश यांमुळे ही वास्तू शेजारच्या घुमटाकार संग्रहालयापेक्षा वेगळ्या स्वभावाची ठरली. संग्रहालयात जाण्याचा बेत आखावा लागतो, येथे मात्र फोर्टातील कचेऱ्यांत काम करणारा माणूस जेवणाच्या सुट्टीतही डोकावू शकत असे. प्रदर्शने साधारणतः मंगळवार ते सोमवार अशी आठवडाभर चालत, चित्रकार स्वतः दालनात बसून असे, आणि दारापाशी एका टेबलावर अभिप्राय वही ठेवलेली असे. 1964 साली इमारतीतच सुरू झालेल्या समोवार या उपाहारगृहाने चित्र पाहून झाल्यावर त्याविषयी बोलत बसण्याची जागाही दिली, आणि ती 2015 पर्यंत टिकली.

या नव्या दालनाची कसोटी लवकरच लागली. पॅरिसहून परतलेले अकबर पदमसी यांनी 1954 साली तेथे चित्रे मांडली. त्यांतील स्त्री-पुरुषांच्या युगुलाच्या दोन चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर होता. पोलिसांनी ही चित्रे अश्लील ठरवून ती उतरवण्यास सांगितले. पदमसी यांनी नकार दिला, त्यांना अटक झाली आणि खटला उभा राहिला. एका अर्थाने न्यायालयात तोच प्रश्न चर्चेला आला जो दालनातील प्रत्येक प्रेक्षकापुढे असतो: चित्रात जे दिसते ते म्हणजेच चित्राचा विषय आहे काय, आणि रंग, रेषा व रचना यांतून त्या दृश्याचे काय होते. कायद्याच्या भाषेत या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी चित्राचा हेतू, त्याची कलात्मकता आणि पाहणाऱ्यावर होणारा त्याचा परिणाम तपासावा लागला. दंडाधिकाऱ्यांनी पदमसी यांना निर्दोष ठरवले आणि सरकारने केलेले अपील उच्च न्यायालयात टिकले नाही. या निकालाने चित्रकाराचे स्वातंत्र्य राखले हे सर्वमान्य आहे, परंतु त्याने प्रेक्षकाचाही एक हक्क मान्य केला. एखादे चित्र पाहावे की नाही हे पोलिसांनी आगाऊ ठरवू नये, तो निर्णय पाहणाऱ्याकडे राहावा, हे तत्त्व त्यामागे होते.

हक्क मिळाला तरी त्याचा वापर करण्यासाठी भाषा लागते, आणि मराठीत ती भाषा याच काळात घडत होती. बा. सी. मर्ढेकर यांच्या 1955 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात लयीची तत्त्वे मांडली आहेत. कलाकृतीतील घटक एकमेकांशी जुळतात तेव्हा संवादलय, परस्परांना छेद देतात तेव्हा विरोधलय आणि वेगवेगळे असूनही एकमेकांना तोलून धरतात तेव्हा समतोललय, असा हा विचार आहे. हा विचार केवळ साहित्यापुरता नव्हता. चित्रातील एका लाल ठिपक्याला निळ्या पट्ट्याने कसे तोलले आहे हे पाहण्यासाठीही तो उपयोगी पडतो, कारण तो विषय आणि कथा बाजूला ठेवून घटकांमधील नात्यांकडे लक्ष वेधतो. द. ग. गोडसे यांच्या ‘पोत’ या 1963 सालच्या ग्रंथाने वस्त्र, वास्तू, शिल्प आणि वाङ्मय यांच्या पोताचा एकत्र विचार केला आणि मराठी वाचकाला दृश्यकलेकडे पाहण्यासाठी खास इथल्या भूमीतून आलेली परिभाषा दिली. ज्ञानेश्वर नाडकर्णी आणि बाबुराव सडवेलकर यांच्यासारख्यांच्या लेखनामुळे प्रदर्शनांची दखल मराठीतही घेतली जाऊ लागली.

या परिभाषेची खरी गरज भासली ती वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांपुढे. 1924 साली नागपुरात जन्मलेले, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील गायतोंडे यांनी 1948 साली जे. जे. कलाविद्यालयातून पदविका घेतली आणि पुढे वस्तू, आकृती वा प्रसंग यांपैकी काहीही नसलेली चित्रे रंगवली. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी रंगाचे थर चढवायचे, त्यांतील काही खरवडून काढायचे, आणि पृष्ठभागावर उजेड आतून झिरपत असल्याचा भास होईपर्यंत ते काम करत राहायचे, अशी त्यांची पद्धत होती. अशा चित्रापुढे चित्रकथीचा श्रोता पूर्णपणे निराधार होतो, कारण सांगण्यासारखी गोष्टच तेथे नसते. पदकाचा निर्णय येथे फारसा कामाला येत नाही, आणि पोलिसांना हरकत घ्यावी असेही काही नसते. उरतो तो प्रेक्षक आणि त्याने चित्रासाठी दिलेला वेळ. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांचे समग्रदर्शी प्रदर्शन भरले तेव्हा मराठी नियतकालिकांनी त्याची दखल घेतली. मात्र मुंबईच्या चाळीत वाढलेल्या या चित्रकाराकडे मराठी समाजाने इतकी वर्षे पुरेसे का पाहिले नाही, हा प्रश्नही त्या निमित्ताने विचारला गेला.

त्या प्रश्नाचे एक उत्तर शालेय शिक्षणात आहे. महाराष्ट्रातील लक्षावधी मुलांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या आहेत. त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांचा समावेश असतो. म्हणजे हाताची परीक्षा कसून घेतली जाते, परंतु दुसऱ्याने काढलेल्या चित्राकडे कसे पाहावे हे त्यांत विचारले जात नाही. परिणामी चित्र पाहायला आलेला माणूस प्रथम हुबेहूबपणा शोधतो, कारण शाळेत गुण त्यालाच मिळालेले असतात; तो न सापडल्यास चित्र समजले नाही असे नम्रपणे म्हणतो किंवा त्यात समजण्यासारखे काही नाही असे ठासून सांगतो. अभिप्राय वहीत सर्वत्र आढळणारे ‘छान’, ‘सुंदर’ आणि ‘शुभेच्छा’ हे शब्द याच अडचणीतून येतात, रसिकतेच्या अभावातून नव्हे.

मुंबईतील कलादालनांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की प्रतिसाद देण्याची क्षमता उपजत नसते, ती प्रत्येक काळात कोणीतरी शिकवलेली असते. पिंगुळीत ती कथेकऱ्याने शिकवली, आर्ट सोसायटीत पदकाने, 1940 च्या दशकात परदेशातून आलेल्या समीक्षकांनी, आणि नंतर काही काळ मराठीतील सौंदर्यविचाराने. आज जहांगीर गॅलरीचे दार विनाशुल्क खुले आहे, सर कावसजी जहांगीर सभागृहात 1996 पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे आणि भायखळ्याच्या संग्रहालयाचेही नूतनीकरण झाले आहे. पाहण्यासारखे काही नाही अशी तक्रार कोणी करू शकणार नाही. उणीव आहे ती पाहणाऱ्याला शब्द देणाऱ्या दुव्याची. रेखाकलेच्या परीक्षेत एखादी प्रश्नपत्रिका चित्रवाचनाची ठेवली आणि शाळांच्या सहली राणीच्या बागेतील प्राण्यांपाशी थांबतात तशा त्याच आवारातील संग्रहालयातही थांबल्या, तर ही उणीव भरून काढण्यास खर्च फारसा येणार नाही.